कॅल्डेरा, मॅग्मा मिक्सिंग आणि पन्हाळ्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपला की महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही आठ-दहा जण पोराटोरांना घेऊन पन्हाळ्याला जातो, गड बघायला कमी आणि दगड बघायला जास्त. मी भूगर्भशास्त्र शिकलोय, पण पोट दुसऱ्याच धंद्यावर चालतं, त्यामुळं हा रविवार म्हंजे माझी हौस. झुणका-भाकर खाताना प्रश्न सुरू होतात आणि दरवेळी तेच प्रश्न असतात, मग ठरवलं की एकदाच बसून सगळं टाईप करून टाकू म्हंजे पुढच्या वेळी भाकर गार व्हायच्या आत खाता येईल.

कॅल्डेरा म्हंजे ज्वालामुखीचं तोंडच ना?

नाही, आणि हीच पहिली गडबड. ज्वालामुखीचं तोंड म्हंजे क्रेटर, जिथून माल बाहेर येतो ते भोक, बहुतेक वेळा काहीशे मीटरचं. कॅल्डेरा म्हंजे खचलेली जमीन. खाली मॅग्मा, म्हंजे वितळलेला दगड, साठलेला असतो, तो भसाभस बाहेर गेला की वरच्या दगडाला टेकू उरत नाही आणि अख्खं छप्पर खाली बसतं. साधारण एक किलोमीटरच्या वर रुंदी असली की कॅल्डेरा म्हणतात. क्रेटर फोडून तयार होतं आणि कॅल्डेरा खचून, एवढं डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं.

आपल्याकडची पेवं आठवा. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खोल खड्डे, वर बारीक तोंड, आत पोत्यांवारी हळद. आतला माल भिंतींना आणि तोंडाच्या मातीला एक प्रकारे धरून असतो. माल काढला आणि वरनं बैलगाडी गेली तर काय होईल, तेच इथं होतं, फक्त पेव दहा-वीस किलोमीटर रुंद आणि वर दोन-पाच किलोमीटर जाडीचा दगड.

रंकाळा कॅल्डेरा आहे का? आणि पन्हाळा, जोतिबा हे विझलेले ज्वालामुखी आहेत असं आमचे सर सांगायचे.

हा प्रश्न नंबर एक, आणि उत्तर नाही असं दिलं की लोकांचं तोंड उतरतं. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असं सांगतात, खाणीत पाणी साठून तळं झालं. त्यात ज्वालामुखीचा संबंध एवढाच की तिथला काळा दगड लाव्हाचा आहे, पण त्या न्यायानं तुमच्या घराचा पाया पण ज्वालामुखीच म्हणायला लागेल.

पन्हाळा आणि जोतिबा यांना डोंगराचा आकार आहे पण तो आकार लाव्हानं दिलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा लांबच लांब भेगांतनं वाहत आला, एकावर एक थर, चपात्यांच्या चवडीसारखे. मग करोडो वर्षं पाऊस आणि नद्यांनी ती चवड कापली आणि जे कापायचं राहिलं तो पन्हाळा. म्हणून तर वरनं सपाट आहे! तुटलेल्या कड्याला उभं राहून समोर बघा, लांबचे डोंगर पण त्याच लेव्हलला सपाट दिसतात. वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ. जांभा हा पण मुळात काळाच दगड, पावसापाण्यानं कुजून तांबडा झालेला.

बरं, लोणार?

लोणार उल्का पडून झालेलं आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दख्खनच्याच काळ्या दगडात. गोल आहे आणि पाणी आहे म्हणून कॅल्डेरा होत नाही. पुढं.

मॅग्मा मिक्सिंग म्हंजे काय? मॅग्मा एकच नसतो का?

नसतो, आणि खरी मजा हितनंच सुरू होते. ढोबळ दोन टोकं धरा. एक बेसाल्ट, म्हंजे आपल्याकडं सगळीकडं असलेला काळा कातळ, सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य) कमी, ताप ११०० ते १२०० अंश सेल्सिअस, पातळ. दुसरं टोक रायोलाईट, सिलिका जास्त, ताप ७०० ते ८५० अंश, आणि चिकट म्हंजे किती चिकट, बेसाल्टच्या लाखो-कोटी पट. मधे अँडेसाईट आणि डेसाईट.

चिकटपणा कळायला गुऱ्हाळावर जावा. चुलवाणावरच्या काहिलीत पाक उकळत असतो तेव्हा फावड्यानं सहज हलतो, पण तीच काकवी थंडीत बरणीत ठेवा आणि सकाळी चमच्यानं काढायला बघा, चमचा वाकतो. ताप बदलला की चिकटपणा बदलतो. आता ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर होतं असं की कवचात काही किलोमीटर खोलीवर हा थंड (म्हंजे ७५० अंशाचा थंड!) चिकट मॅग्मा हजारो वर्षं निवांत पडून असतो. आणि खालनं, कवचाखालच्या मँटल नावाच्या थराकडनं, ताजा गरम बेसाल्ट येऊन त्याच्या बुडात घुसतो. या भेटीला मॅग्मा मिक्सिंग म्हणतात. भेट नेहमी गोडीगुलाबीची नसते.

दोन्ही मिसळून एकजीव होतात का?

कधी होतात, कधी नाही. घरी तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही असतील तर एका वाटीत पांढरा घ्या आणि वरनं पळीभर तांबडा सोडा, हलवू नका. पहिल्यांदा तांबडे पट्टे दिसतात, तेलाचे थेंब वेगळे, पांढऱ्याचा रंग तसाच. ही नुसती सरमिसळ. मग चमचा फिरवत राहिलं की गुलाबीसर एकच रंग होतो, ते खरं मिक्सिंग. (आमच्या घरी हे करताना पकडलो गेलो आणि दोन्ही रस्से नासवले म्हणून जे ऐकलं ते इथं लिहित नाही.)

मॅग्माच्या बाबतीत एकजीव व्हायला अडचण म्हंजे दोघांचा चिकटपणा फारच वेगळा. १२०० अंशाचा बेसाल्ट ८०० अंशाच्या रायोलाईटमधे घुसला की बेसाल्टची कड एकदम आवळून घट्ट होते. गुळव्या पाक झालाय का बघायला थेंबभर पाक थंड पाण्यात सोडतो आणि बोटानं गोळी वळते का बघतो, अगदी तस्संच. बेसाल्टच्या अशा गोळ्या रायोलाईटमधे अडकून राहतात आणि पुढं दगडात काळ्या गाठी म्हणून दिसतात. गरम बेसाल्ट भरपूर आला, गार्‍याला तापवून पातळ केलं, तर मात्र दोघं मिसळून मधलाच अँडेसाईट तयार होतो.

पण नुसतं मिसळल्यानं स्फोट का व्हावा?

हा खरा प्रश्न, इथं जरा वेळ घेतो.

पहिली गोष्ट जागेची. बंद चेंबरमधे, म्हंजे मॅग्मा साठतो त्या जागेत, आणखी माल आला की प्रेशर वाढणारच, त्यात काही गुपित नाही.

दुसरी गोष्ट तापाची. खालनं उष्णता मिळाली की चिकट मॅग्मा पातळ होतो, त्यातले काही स्फटिक विरघळतात आणि जो हलायला तयार नव्हता तो हलायला लागतो. काकवीची बरणी गरम पाण्यात ठेवल्यासारखं.

तिसरी गोष्ट गॅसची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भारी. मॅग्मात पाणी विरघळलेलं असतं, पाण्यासारखं नाही, खोलवरच्या प्रचंड दाबाखाली दगडाच्या रसात मुरलेलं. सोबत कार्बन डायऑक्साईड, सल्फर. आता बेसाल्ट गार पडतो तेव्हा त्याचे स्फटिक बनतात आणि त्या स्फटिकांमधे पाण्याला फारशी जागा नसते. लहानपणी शाळेबाहेर रुपयाला पेप्सीकोलाची कांडी मिळायची, प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत सरबत. नीट बघितलं असेल तर कडेनं बर्फ पांढरट आणि बिनचवीचा, आणि सगळा रंग, सगळी साखर मधल्या न गोठलेल्या भागात. आम्ही ते मधलं ओढून घ्यायचो आणि बर्फ भावाला द्यायचो. बर्फानं साखर बाहेर ढकलली तसं बेसाल्टचे स्फटिक पाणी बाहेर ढकलतात, उरलेल्या रसात पाणी इतकं वाढतं की ते रसात मावत नाही आणि बुडबुडे होऊन सुटतं. म्हंजे गंमत बघा, गार पडल्यामुळं उकळी येते! बुडबुड्यांनी तो बेसाल्ट फुगतो, हलका होतो, वर चढतो, वरच्या मॅग्माला ढवळतो, आणि त्याचा गॅस पण वर जातो.

आता चेंबरचं झाकण कुठंतरी तडकलं की गोटी सोड्याची गोटी दाबल्यासारखं. दाब सुटला, वरच्या मॅग्मातला स्वतःचा गॅस पण सुटायला लागला, बुडबुड्यांनी मॅग्मा अजून वर ढकलला, त्यानं दाब अजून कमी झाला, अजून गॅस. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबवणारं कोणी नाही. बेसाल्ट पातळ असल्यानं त्यातनं बुडबुडे निसटू शकतात, पण रायोलाईट आणि डेसाईटच्या चिकट मॅग्मात ते अडकतात आणि शेवटी अख्खा मॅग्मा फेस होऊन, फाटून राख बनतो. प्यूमिस नावाचा जो हलका दगड असतो तो म्हंजे गोठलेला फेसच.

चेंबर म्हंजे जमिनीखाली लाव्हाचं तळं असतं ना, चित्रात दाखवतात तसं?

शाळेच्या पुस्तकात लालभडक तळं काढलेलं असतं, मी पण तसंच शिकलो. पण आता मानतात की बहुतेक काळ तिथं तळं नसतं, स्फटिकांचा रवाळ लगदा असतो. चेपलेला मऊ रवा, मधल्या फटींत थोडा रस. अमेरिकेतल्या यलोस्टोन कॅल्डेराच्या खाली पण बहुतांश भाग असाच घट्ट आहे. साधारण अर्ध्याहून जास्त स्फटिक झाले की तो लगदा वाहत नाही, फुटायचं तर लांबच राहिलं.

म्हणून खालनं येणारा बेसाल्ट महत्त्वाचा, तो या लगद्याला परत वाहता करतो. नुसती काडी लावायचं काम नसतं, आधी लाकूड वाळवायचं काम पण तोच करतो, आणि ते वाळवणं हजारो वर्षं चालू शकतं. दरवेळी थोडा बेसाल्ट येतो, उष्णता देतो, गार पडतो, बुडाशी राहतो.

म्हंजे मॅग्मा मिक्सिंगमुळं कॅल्डेरा तयार होतो, बरोबर?

एवढं सरळ लिहिलेलं जिथं तिथं दिसतं आणि तिथं माझं जमत नाही. मिक्सिंग खड्डा पाडत नाही. मिक्सिंग माल बाहेर काढायला मदत करतं, खड्डा पडतो तो माल गेल्यावर छप्पर खचून. दोन वेगळी कामं आहेत आणि मधे एक अट आहे, की माल भरपूर आणि भराभर गेला पाहिजे. थोडासा गेला तर छप्पर आपलं आपण तोलून धरतं, कमानीसारखं. छप्पर पातळ आणि चेंबर पसरट असेल तर लवकर खचतं, जाड आणि चेंबर अरुंद असेल तर बराच माल गेला तरी धरून राहतं. खचायला लागलं की कडेनं गोलाकार भेगा पडतात आणि मधला तुकडा पिस्टनसारखा खाली जातो. आणि हा पिस्टन खाली जाताना उरलेल्या मॅग्माला दाबतो, गोल भेगांतनं तो अजून जोरात बाहेर येतो. म्हणजे सुरुवात मिक्सिंगनं केली असली तरी एका टप्प्यानंतर खचणंच स्फोट चालू ठेवतं.

आणि मिक्सिंग नसेल तरी कॅल्डेरा होऊ शकतो याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. आईसलंडमधे बाऊरदारबुंगा म्हणून ज्वालामुखी आहे, बर्फाखाली. ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५, सहा महिने, त्याचा मॅग्मा जमिनीखालनं आडवा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाऊन दुसरीकडंच शांतपणे वाहत राहिला, आणि इकडं कॅल्डेराचा तळ हळूहळू ६५ मीटर खाली गेला. मोठा स्फोट नाही की राखेचा खांब नाही. तसंच हवाईच्या किलाउएआचं, २०१८ मधे मे ते ऑगस्ट शिखराचा तळ टप्प्याटप्प्यानं खचत गेला आणि काही ठिकाणी ५०० मीटरच्या वर खाली बसला, कारण मॅग्मा खालच्या अंगाला भेगांतनं निघून गेला होता. तिथं मात्र एक मजेशीर गोष्ट दिसली, पहिल्या काही भेगांतनं आधी जुना, गार, वर्षानुवर्षं साठून राहिलेला मॅग्मा आला आणि मागनं ताजा गरम, म्हंजे नव्या पाहुण्यानं जुन्या भाडेकरूला बाहेर ढकललं.

म्हणून मी असं सांगतो: पेव रिकामं करणारा हमाल बऱ्याचदा मिक्सिंग असतं, पण पेव खचतं ते रिकामं झालं म्हणून.

हे मिसळणं खाली काही किलोमीटर खोल चालतं, कुणी बघितलंय?

कुणी नाही, पण दगडात लिहिलेलं राहतं. आणि कल्पना नवीन पण नाही, शाळेच्या लॅबमधे जो बन्सन बर्नर असतो त्या बन्सननं आईसलंडचे दगड तपासून १८५१ मधेच म्हटलं होतं की मधल्या जातीचे दगड हे दोन मॅग्मा मिसळून झाले असणार. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. पुढं १९७७ मधे स्पार्क्स, सिगुर्डसन आणि विल्सन या तिघांनी आईसलंडच्याच आस्क्या ज्वालामुखीच्या १८७५ च्या स्फोटाचा दाखला देऊन मांडलं की गरम बेसाल्ट घुसणं हेच स्फोटाला सुरुवात करून देतं. त्या स्फोटानंतर आस्क्याला कॅल्डेरा खचला, त्यात आज तळं आहे.

दगडात तीन गोष्टी बघतात. एक, पट्टेदार प्यूमिस, पांढरा आणि काळा फेस एकाच दगडात, मार्बल केकसारखा, न ढवळलेल्या रस्स्याचा फोटोच जणू. दोन, मगाशी सांगितलेल्या बेसाल्टच्या गोळ्या. तीन, स्फटिकांची वलयं. प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज झाडाच्या खोडासारखं थरावर थर वाढतं, आणि मॅग्माचा ताप आणि रसायन बदललं की थराचं रसायन बदलतं. बाहेरच्या थरात अचानक गरम मॅग्माची खूण सापडली, किंवा मधला थर चाळणीसारखा खाल्लेला दिसला, तर समजायचं पाहुणा येऊन गेला.

त्यावरनं घड्याळ पण लावता येतं. दोन थरांच्या सीमेवर मॅग्नेशियमसारखे अणू हळूहळू सरकतात, सीमा पुसट होते. किती पुसट झालीय ते मोजलं की पाहुणा आल्यानंतर किती दिवसांनी स्फोट झाला ते निघतं. ग्रीसच्या सँटोरिनीला, जिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वी मोठा स्फोट होऊन कॅल्डेरा वाढला, तिथल्या स्फटिकांवरनं २०१२ मधे दाखवलं की स्फोटाच्या आधीच्या शंभरेक वर्षांत कित्येक घन किलोमीटर मॅग्मा भरला गेला होता आणि शेवटच्या काही महिन्यांपर्यंत भरणं चालूच होतं. आधीची हजारो वर्षं शांत होती.

एखादं असं उदाहरण सांगा की जे आमच्या हयातीत झालंय.

पिनाटुबो, फिलिपिन्स, १९९१. सुमारे ५०० वर्षं झोपलेला, वर जंगल, लोक त्याला ज्वालामुखी म्हणत पण नव्हते. खाली साधारण ७८० अंशाचा डेसाईट होता, चिकट, पाण्यानं आणि सल्फरनं भरलेला. त्यात खालनं १२०० च्या आसपासचा बेसाल्ट आला. मार्चमधे भूकंप सुरू, २ एप्रिलला वाफेचे स्फोट, मग मे अखेरीस खोलवर वेगळ्याच प्रकारचे हळू लांबट भूकंप, ते बेसाल्ट हलत असल्याचे मानतात. ७ जूनला तोंडाशी लाव्हाचा एक छोटा घुमट वर आला, आणि त्याचा दगड तपासला तर तो ना बेसाल्ट ना डेसाईट, दोघांच्या मिसळीतनं झालेला अँडेसाईट, आत बेसाल्टच्या गोळ्या तशाच दिसतायत! पाहुणा आणि यजमान भेटल्याचा पुरावा स्फोटाच्या आठ दिवस आधी दारात येऊन उभा राहिला होता असं म्हणायला हरकत नाही.

१५ जूनला मुख्य स्फोट झाला. त्याच दिवशी युन्या नावाचं वादळ तिथं धडकलं, राख पावसात भिजली आणि ओल्या राखेच्या वजनानं घरांची छपरं कोसळली, सुरुवातीचे बरेच मृत्यू त्यातलेच. राखेचा खांब ३५ किलोमीटरच्या वर गेला. शिखर १७४५ मीटरचं होतं ते १४८५ झालं आणि मधे सुमारे अडीच किलोमीटरचा कॅल्डेरा, त्यात आता तळं. सल्फर डायऑक्साईड दीड ते दोन कोटी टन वर गेला आणि पुढचं वर्षभर पृथ्वीचं सरासरी तापमान जवळजवळ अर्धा अंश उतरलं. पण हजारो माणसं वेळेत हलवली होती, ते फार मोठं काम झालं.

तुलना म्हणून, पिनाटुबोतनं फेस आणि राखेची हवा वगळली तर पाचेक घन किलोमीटर मॅग्मा निघाला. अमेरिकेत ओरेगॉनला माझामा पर्वतातनं ७७०० वर्षांपूर्वी पन्नासेक निघाला, कॅल्डेरा झाला ८ बाय १० किलोमीटरचा, आणि त्यातलं तळं ५९४ मीटर खोल आहे.

स्फोट एकीकडं आणि खड्डा दुसरीकडं असं होतं का?

होतं, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. अलास्का, ६ जून १९१२. सुमारे ६० तासांत १३ घन किलोमीटर मॅग्मा बाहेर, विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा स्फोट. कटमाई पर्वताचं शिखर गायब होऊन तिथं कॅल्डेरा पडलेला, त्यामुळं साहजिकच सगळ्यांना वाटलं की कटमाईच फुटला. चाळीसेक वर्षं तसंच मानलं. मग राखेचे थर कुठं जाड कुठं पातळ ते मोजल्यावर लक्षात आलं की माल निघाला तो दहा किलोमीटर लांबच्या नोव्हारुप्टातनं! मॅग्मा कटमाईच्या खालनं आडवा गेला, बाहेर तिकडं पडला, आणि छप्पर खचलं ते कटमाईचं. तिथल्या प्यूमिसमधे रायोलाईट, डेसाईट, अँडेसाईट तिन्ही, काही दगडांत पट्टे पट्टे.

कोल्हापुरी भाषेत, बोअर मारला एकानं आणि विहीर आटली शेजारच्याची.

गरम मॅग्मा घुसला की स्फोट ठरलेलाच का?

अजिबात नाही. बहुतेक वेळा तो येतो, गार पडतो, तिथंच राहतो. इटलीत नेपल्सशेजारी कांपी फ्लेग्रेई म्हणून कॅल्डेरा आहे, आत अख्खी शहरं वसलेली. १९८२ ते ८४ मधे त्यातल्या पोत्सुओली शहराची जमीन सुमारे १.८ मीटर वर उचलली गेली, चाळीसेक हजार लोक हलवले, आणि स्फोट झालाच नाही. जमीन परत काहीशी खाली बसली, आणि २००५ पासनं पुन्हा वर चढतेय. ती मॅग्मामुळं किती आणि गरम पाणी-गॅसमुळं किती यावर अजून भांडणं चालू आहेत. शेवटचा उद्रेक १५३८ चा.

आणि प्रचंड मोठ्या चेंबरांच्या बाबतीत तर काही जणांचं म्हणणं असं की मिक्सिंगची गरजच नाही, हलका मॅग्मा एवढा साठतो की त्याच्या उचलीनंच छप्पर तडकतं. मला दोन्ही पटतं, ज्वालामुखी ज्वालामुखीवर आहे.

महाराष्ट्रात कुठल्या कॅल्डेराची राख सापडते हे खरं का?

खरं आहे, आणि ती आली सुमात्रावरनं! जुन्नर भागात कुकडी नदीच्या काठी बोरीला आणि बारामतीकडं कऱ्हा नदीकाठी मोरगावला राखेचा पांढरट थर आहे. सुमात्रावरच्या टोबा कॅल्डेराची राख मानतात, पण टोबा एकदाच फुटलेला नाही, त्यामुळं ती कुठल्या स्फोटाची यावर वाद आहे. सगळ्यात मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, तेव्हा सुमारे २८०० घन किलोमीटर मॅग्मा निघाला आणि कॅल्डेरात आज १०० बाय ३० किलोमीटरचं तळं आहे. कोल्हापूर ते सांगली पन्नासेक किलोमीटर, त्यावरनं अंदाज घ्या.

भारतात स्वतःचा कॅल्डेरा आहे का?

बॅरन बेट. अंदमानात, पोर्ट ब्लेअरपासनं सुमारे १४० किलोमीटर. साधारण दोन किलोमीटरचा कॅल्डेरा, पश्चिमेकडनं फुटलेला, आणि मधे नवीन शंकू. दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१ मधे पुन्हा जागा झाला, पिनाटुबोच्याच वर्षी, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, हे पण हमखास विचारतात.

आणि दख्खनमधे मिक्सिंग झालं होतं का? झालं होतं. नाशिक-जुन्नरकडच्या काही थरांत बोटाच्या पेराएवढे पांढरे प्लॅजिओक्लेजचे स्फटिक सापडतात, एवढे मोठे व्हायला मॅग्माला खाली निवांत बसायला वेळ मिळालेला असणार, आणि मग ताज्या मॅग्मानं त्यांना वर आणलं.

कोल्हापूरला ज्वालामुखीचा धोका?

नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा कारखाना कधीच बंद झालाय. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा, त्याचा ज्वालामुखीशी संबंध लावतात तो पण चुकीचा.

अलास्का-आईसलंड सोडा, हे मिसळलेले मॅग्मा आम्हाला कुठं बघायला मिळतील?

तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या किचन ओट्यावर. पन्हाळ्यावर नाही, तिथं बेसाल्टच बेसाल्ट, रायोलाईट बघायला मुंबईच्या मढ-मनोरीकडं जावं लागेल. पण ग्रॅनाईट म्हंजे खोलवर गार झालेला रायोलाईटच म्हणा ना, तोच सिलिकावाला मॅग्मा, बाहेर न येता आतच मुरलेला. ग्रॅनाईटच्या दुकानात लाद्या उभ्या लावलेल्या असतात तिथं राखाडी किंवा गुलाबी लादीत मुठीएवढी काळपट गाठ दिसते का बघा. दुकानदार तिला डाग म्हणतो आणि ती लादी स्वस्तात देतो.

गाठीची कड बघायची. कड गोलसर, लहरी, बारीक दाण्यांची असेल आणि गाठीच्या आत बाहेरच्या ग्रॅनाईटचे एखाद-दोन मोठे पांढरे स्फटिक घुसलेले असतील, तर बहुतेक ती बेसाल्टची गोळी, पाकाच्या गोळीसारखीच आवळलेली. कड टोकदार, तुटल्यासारखी असेल तर तो जुन्या दगडाचा पडलेला तुकडा, मॅग्मा नव्हे. मी आमच्या ओट्यासाठी मुद्दाम डागवाली लादी निवडली, गॅसच्या डाव्या बाजूला नारळाएवढी गाठ आहे. आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी ओल्या फडक्यानं ती पुसून बघतो.